सोळा कॅन पाणी आणि एक पांढरी बॅटरी

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. मग तुम्ही म्हणता तो फोटो मोठा करून बघितला आणि गप्प बसले. म्हणून उत्तराला आठवडा लागला.

बाकीच्या वाचकांसाठी आधी प्रतिक्रियेचा गोषवारा देते. मे महिन्यात मी, मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात असे चौघं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळच्या शॅकलफर्ड बँक्स या बेटावर दोन रात्री तंबू ठोकून राहिलो. त्यावरची माझी नोंद वाचून गुहागरचे हे वाचक लिहितात की बेटावर पाणी नाही, दुकान नाही, डॉक्टर नाही, आणि अशा ठिकाणी साठी उलटलेल्या बाईनं लहान मुलीला नेणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. असं राहणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे. कासवांवर दोन परिच्छेद लिहिणाऱ्या बाईच्या फोटोत रात्रीच्या वाळूवर भगभगीत पांढरी बॅटरी चालू आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: 'बडोद्यात राहून समुद्राचं काय कळणार?'

बॅटरीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, पण त्याकडे नंतर येते. आधी पाणी, कारण नोंदीत मी सूर्यास्तावर चार परिच्छेद लिहिले आणि पाण्यावर एक ओळ. चूक तिथेच झाली. त्यामुळे आम्ही पिशवीत दोन बाटल्या टाकून निघालो असं कुणालाही वाटेल.

तसं नव्हतं. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर थोडं, हा हिशोब धरला होता. माणसं चार. राहायचं तीन दिवस, पण वारा सुटला तर फेरी बोट येत नाही, म्हणून चौथा दिवस धरला. चार चोक सोळा. एक गॅलनचे सोळा कॅन म्हणजे साठ लिटर, म्हणजेच साठ किलो, आणि तेही भुसभुशीत वाळूतून. बोट बेटावर सोडते आणि निघून जाते, हमाल नाही की हातगाडी नाही. जावयानं दोन हातांत चार कॅन घेतले, पन्नास पावलांवर ठेवले आणि परत आला. मुलीनं दोन, मी एक. कॅनचं ते पातळ प्लॅस्टिकचं कडं बोटांत इतकं रुतायचं की संध्याकाळपर्यंत चार बोटांवर लाल वळ उठले होते. नातीनं एकही उचलला नाही, पण वही तिच्याकडे होती. कॅन उघडला की तारीख, वेळ आणि कशासाठी उघडला ते लिहायचं. 'हात धुतले' असं लिहायची वेळ आली की ती माझ्याकडे अशी बघायची की मी हात समुद्रातच धुवायला लागले.

हा हिशोब मी बेटावर शिकले नाही. बडोद्याच्या समा भागात, घरी पहिल्या मजल्यावर शिकले. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं. वीज गेली, मोटर बंद. गच्चीवरच्या टाकीत होतं तेवढंच, आणि त्याचे वाटेकरी बारा घरं. मागच्या गल्लीत मगर आल्याची बातमी पसरल्यावर तर जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर उतरायलाही कुणी तयार नाही. तीन दिवस आम्ही पाणी तांब्यानं मोजलं. डाळ दोनदा धुवायची की एकदा, यावर शेजारणीशी माझं खरंच वाजलं. चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायला मोजून तांब्या, हे बेटाचं चित्र मला बडोद्यात घरबसल्या मिळालं होतं. म्हणून जावई 'आठ कॅन पुरतील, मम्मी' म्हणाला तेव्हा मी अडून बसले.

तरी एक चूक केलीच. खायला दशम्या, थेपले, मेतकूट आणि कौतुकानं नेलेला बडोद्याचा लीलो चेवडो होता. पहिल्या दिवशी उन्हात बसून चौघांनी अर्धी पिशवी फस्त केली, आणि मग वहीत दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान लागोपाठ दोन कॅनची नोंद आहे. उरलेला चेवडो मी पिशवीच्या तळाशी दडवला. बेटावर जाणाऱ्यांनी खारं कमी न्यावं ही माहिती नोंदीत हवी होती. आता घालते.

आता 'चैन'. हा शब्द मला टोचला. अर्धा खरा आहे म्हणूनच टोचला असावा. विमानानं अमेरिकेत जाऊन वाळूत झोपणं ही चैनच, नाही कशी म्हणू? पण बेटाबद्दल थोडं सांगते. त्या नऊ मैलांच्या वाळूच्या पट्टीवर एकेकाळी गाव होतं, डायमंड सिटी नावाचं. समोरच्या केप लुकआउटच्या दीपगृहावर काळे-पांढरे चौकट रंगवलेले आहेत, पत्त्यातल्या चौकटसारखे, त्यावरून गावाला ते नाव पडलं. मासेमारी आणि व्हेलच्या शिकारीवर जगणारी माणसं, वस्ती ५००च्या आसपास. ऑगस्ट १८९९च्या चक्रीवादळात समुद्र बेटावरून आरपार गेला. विहिरी खारावल्या, बागा गेल्या. पुढच्या दोनेक वर्षांत सगळं गाव उठलं. कित्येकांनी घरं सोडवून, फळ्या होड्यांवर चढवून खाडीपलीकडच्या हार्कर्स आयलंडवर नेली आणि तिथे पुन्हा उभी केली. बेटावर थडगी राहिली.

म्हणजे तिथे आता जे 'काहीच नाही' ते पहिल्यापासूनचं नाही. ज्यांना पर्याय नव्हता ते तिथे राहत होते, आणि पर्याय मिळताच गेले. मी तिकडे गरिबी-गरिबी खेळायला गेले असं तुम्हाला वाटलं असेल तर दोष माझ्या भाषेचा. 'साधं जगणं' असं एक वाक्य मी लिहिलं होतं, ते काढून टाकलं आहे. त्यात साधं काही नाही. दोन रात्रींसाठी साठ किलो पाणी वाहणं याला साधं म्हणत नाहीत.

परवानगीबद्दलही तुम्ही शंका घेतली आहे, ती झटकन संपवते. १९६६मध्ये हा सगळा पट्टा केप लुकआउट नॅशनल सीशोअर म्हणून राखीव झाला. लहान गटाला तंबूसाठी परवाना लागत नाही, शुल्क नाही, ठरवून दिलेल्या जागाही नाहीत, मुक्काम चौदा दिवसांपर्यंत. शेकोटी भरतीच्या रेषेखालीच, म्हणजे राख समुद्र घेऊन जातो. कचरापेटी नाही, आपला कचरा आपल्याबरोबर परत. शौचासाठी पाण्यापासून आणि वाटेपासून लांब वीतभर खोल खड्डा, आणि कागद पुरायचा नाही, बंद पिशवीत घालून आणायचा. तुम्ही याला 'घाण' म्हटलंत. आपल्या किनाऱ्यांवर सकाळी जे दिसतं त्याच्यापुढे ही वीतभर शिस्त मला तरी स्वच्छ वाटली.

तंबूची फजिती मात्र मी लपवली होती, ती सांगून टाकते. नेहमीच्या खुंट्या वाळूत म्हणजे पोह्यात उदबत्ती. पहिल्या संध्याकाळी वारा सुटला आणि तंबू जावयासकट आडवा झाला, आतून त्याचा आवाज येतोय आणि आम्ही तिघी हसतोय. मग त्याच्या मित्रानं सांगितलेला उपाय आठवला. कापडी पिशवी वाळूनं भरायची, तोंड बांधून त्याला दोरी लावायची, कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा करून पिशवी आडवी पुरायची आणि वर वाळू पायानं दाबून बसवायची. वरची कोरडी वाळू साखरेसारखी ओघळते, पण हातभर खाली ती ओलसर आणि घट्ट लागते. तिथे पिशवी बसली की मग वाऱ्याची पर्वा नाही. सहा दोऱ्यांना सहा पिशव्या लागल्या, आणि त्यातली एक माझी भाजीची पिशवी होती.

घोड्यांवर तुम्ही लिहिलंय की 'भटकी जनावरं, धोकादायक'. धोका आहेच, म्हणून पन्नास फूट लांब राहायचा नियम आहे. पण ते भटके नाहीत, बेटाचे रहिवासी आहेत. शंभराच्या वर घोडे आहेत, आणि १९९८पासून त्यांच्या रक्षणाचा वेगळा कायदा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडांमागच्या सखल जागी एक घोडी पुढच्या खुरानं वाळू उकरत होती. आम्ही लांब बसून बघत होतो. चार-पाच मिनिटं उकरल्यावर तिनं मान खाली घातली ती वर काढेचना. पाणी पीत होती. चारी बाजूंनी समुद्र, आणि हातभर खाली गोडं पाणी!

नातीला वाटलं जादू. मला वीरडा आठवला. कच्छच्या बन्नी या गवताळ भागात मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, असेच उथळ खड्डे खणतात. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहतं. वरवर अलगद उपसलं तर गोडं मिळतं, हावरेपणानं खोल गेलं की खारं वर येतं. बेटांनाही हेच लागू. ढोबळ हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली चाळीस फूट गोडं पाणी असतं. उलट ती एक फूट गेली की चाळीस फूट गेलं. त्या १८९९च्या वादळानं विहिरींचं काय केलं असेल ते यावरून समजतं. आम्ही त्या खड्ड्यातलं पाणी घेतलं नाही. ते घोडीचं होतं, आणि आमच्याकडे तेव्हा नऊ कॅन शिल्लक होते.

'बडोद्यात राहून समुद्राचं काय कळणार?' याला मी भावनेनं नाही, इतिहासानं उत्तर देते. ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं. द्वारका, बेट द्वारका, ओखा हे सगळं गायकवाडांच्या नकाशात. ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात उभं राहिलं. तिथल्या समुद्री जिवांचा अभ्यास करायला बडोदा सरकारनं जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाला बोलावलं आणि १९०९मध्ये त्याचा अहवाल छापला. शिंपले, शंख, पोवळी, सगळं त्यात आहे. तेव्हा समुद्र आमच्या अंगणात नव्हता हे कबूल, पण दप्तरात होता! मी स्वतः बेट द्वारकेला पहिल्यांदा गेले ती ओख्याहून होडीनं, आजोबांचा हात धरून. आता २०२४पासून सुदर्शन सेतू आहे, गाडी थेट जाते. सोय झाली, पण होडीतून उतरताना आजोबा म्हणाले होते ते 'इथून पुढे आपलं आपण' आता त्या पुलावर म्हणता येणार नाही.

बरं, बॅटरी.

त्या रात्री साडेनऊला नातीला लघवीला जायचं होतं. कासवांसाठी म्हणून नेलेली लाल झाकणाची बॅटरी तंबूत सापडेना, म्हणून मुलीनं डोक्याला बांधायची पांढरी पेटवली आणि मी तेवढ्यात फोटो काढला, कारण वाळूवर दोघींच्या सावल्या छान पडल्या होत्या. एवढंच. पण मे महिना म्हणजे तिथे लॉगरहेड कासविणी अंडी घालायला वर येण्याचा काळ. वाळूवर उजेड दिसला तर मादी अंडी न घालता मागे फिरते. पिल्लांचं तर आणखी वाईट, ती उजळ क्षितिजाकडे चालतात आणि समुद्र सोडून भलतीकडे जातात. हे सगळं त्याच नोंदीत मी लिहिलं होतं, आणि फोटो वर लावला होता. घरी येऊन चार जणांनी तो फोटो बघितला, कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं, कारण तुमच्याकडे किनाऱ्यावर कासवं येतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२पासून घरटी राखण्याचं काम चालू आहे, तिथली माणसं मला नक्की ओरडली असती.

नातीला नेण्याबद्दल एवढंच सांगते. परतायची तारीख आणि बोटीची वेळ घरी लिहून दिली होती, बोट चुकली तर कुणी कुणाला फोन करायचा तेही. जीवरक्षक नाही म्हणून गुडघ्याच्या वर कुणी पाण्यात गेलं नाही, जावयानं तोंड पाडलं तरी. हवामानाचा अंदाज बिघडला असता तर गेलोच नसतो, आणि एकदा तसं झालंही आहे. एप्रिलची तारीख रद्द करून मे घेतली होती. याउपर तुम्हाला बेजबाबदारपणा वाटत असेल तर तो तुमचा हक्क. नऊ वर्षांची असताना माझ्या मुलीला मी एवढंही दाखवलं नव्हतं, याची चुटपुट मला जास्त आहे.

तो फोटो नोंदीतून हटवलेला नाही. हटवला तर तुमची प्रतिक्रिया अधांतरी राहील. त्याखाली ओळ घातली आहे: 'ही बॅटरी चुकीची आहे, असं करू नका.' पाण्याचा हिशोब आणि चेवडोची कबुली मुख्य नोंदीत आली आहे. एक विचारायचं होतं. तुमच्याकडे रात्री घरट्यांवर जाणारी मंडळी बॅटरीला लाल कागद लावतात की लाल दिव्याचीच बॅटरी घेतात? नातीनं आमच्या पांढरीवर पतंगाचा लाल कागद रबरबँडनं बसवला आहे. उजेड गुलाबी पडतो, आणि तेवढ्यानं भागेल का याची मला शंका आहे.