व्यवसाय सुखरूप बुडवण्याची रीत

नव्या तंत्रज्ञानाची चाहूल लागताच आपण गडबडून जाऊ नये. ते आपल्याच प्रयोगशाळेत जन्माला आले असेल, तर मुळीच नाही. छायाचित्रांची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार केला, तेव्हा जेमतेम १०,००० पिक्सेलचे कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. अशा वेळी आजच्या दर्जावरून कायमचा निष्कर्ष काढून मोकळे व्हावे. यंत्राने पुढे सुधारण्याचा आगाऊपणा केला, तर तो दोष यंत्राचा.

अर्थात खरी अडचण दर्जाची नसते, हे आपल्या हिशेबनिसाला पुरते ठाऊक असते. फिल्म, छपाईचा कागद आणि रसायने यांवर भरघोस नफा सुटत असताना फिल्मच न लागणारा कॅमेरा विकायचा, म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणायचा. तेव्हा पेटंट तेवढे घ्यावे, पुढे डिजिटल कॅमेरे विकावेतही, परंतु जीव मात्र फिल्ममध्येच गुंतवून ठेवावा. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. निष्ठा म्हणतात ती हीच. फुजीफिल्मचे अनुकरण तर कटाक्षाने टाळावे, कारण फिल्ममधील कोलॅजेनचा आणि छायाचित्रे विटू नयेत म्हणून केलेला अभ्यास त्या कंपनीने चक्क त्वचेच्या प्रसाधनांसाठी वापरला आणि त्यावर धंदा उभा केला!

कोणी लहानशी कंपनी विकायला घेऊन आले, तर नम्रपणे दार दाखवावे. चित्रफिती भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टर या कंपनीने २००० मध्ये नेटफ्लिक्सला सुमारे पाच कोटी डॉलरांत घेण्याचे नाकारले. चित्रफीत उशिरा परत करणाऱ्यांच्या दंडावर चांगली कमाई होत असताना दंडच न घेणाऱ्यांशी सोयरीक कोण करील? २०१० मध्ये ब्लॉकबस्टरचे दिवाळे निघाले. नेटफ्लिक्सने मात्र टपालाने डीव्हीडी पाठवण्याचा आपला चालता धंदा असतानाच २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला घेतले. इतकी अधीरता शोभत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत काम आणखी सोपे आहे. एक ‘डिजिटल परिवर्तन विभाग’ स्थापन करावा, त्याच्या प्रमुखाला मोठे पद, छोटा निधी आणि शून्य अधिकार द्यावेत, आणि कामाची जुनी पद्धत जशीच्या तशी ठेवून तिच्या दारात एक चॅटबॉट बसवावा. ग्राहकाने कोणताही प्रश्न विचारला, तरी ‘कार्यालयीन वेळेत लेखी अर्ज करावा’ एवढे उत्तर त्याला पाठ असले, की पुरे.