‘तत्त्वज्ञानात एम.ए.? मग खाणार काय?’

पदवीचे निकाल लागले की आमच्या तालुक्याच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला: ‘तत्त्वज्ञानात एम.ए. म्हणजे दोन वर्षं पाण्यात. नोकरी नाही. नीती घरातच शिकतात, त्याला विद्यापीठ कशाला? हा विषय पुण्या-मुंबईच्या रिकाम्या लोकांचा, दुष्काळी मराठवाड्याचा नाही.’ मी हेच एम.ए. केलंय, म्हणून उत्तर देणं आलं.

शेवटच्या मुद्द्यापासून धरतो. ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे, ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठणजवळ. पण ही पुण्याई बाजूला ठेवू. दुष्काळाचंच बोलू. पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी कमी पडलं की वरच्या धरणांतून सोडायचं का, यावर दरवर्षी भांडण. नाशिक-नगरवाला म्हणतो, पाऊस आमच्या शिवारात पडला. पैठणखालचा म्हणतो, गोदावरी एकच. राज्याच्या 2005 च्या पाण्याविषयीच्या कायद्यामुळे ‘समन्यायी वाटप’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. पण समन्यायी म्हणजे गरजेप्रमाणे, क्षेत्राप्रमाणे की आधीच्या हक्काप्रमाणे? अभियंता किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी ते सांगेल. कोणाला आणि का, हा प्रश्न उपयोजित नीतिशास्त्राचा, म्हणजे रोजच्या व्यवहारातल्या योग्य-अयोग्याचा.

नोकरीचं म्हणणं बरंचसं खरं आहे. प्राध्यापकीच्या नेट-सेट पात्रता परीक्षा होऊनही आमच्यातले कित्येक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर शिकवतात. आयुष्यभर तत्त्वं शिकून शेवटी हेच एक तत्त्व पदरी पडतं! यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर आहे, तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो. तरी तेवढ्यासाठी कोणी एम.ए. करू नये.

राहिला घरच्या नीतीचा मुद्दा. खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं, हे घर शिकवतं. पण 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारी समितीने चौकशी केली, ते आठवा. मुकादमाची उचल अंगावर, एक खाडा पडला की पैसे कापले जाणार, आणि समोर डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ म्हणतोय. त्या बाईने कागदावर अंगठा दिला, तर ती संमती झाली का? मोठ्यांचं ऐकावं हा संस्कार इथे तिच्याच विरोधात जातो.

संमतीचा हाच प्रश्न औषधचाचण्यांतही येतो. त्यांच्या 2019 च्या नियमांनुसार चाचणी तपासणाऱ्या नीतिसमितीत किमान सात जण लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ, आणि समाजशास्त्रज्ञ किंवा तत्त्वज्ञ यांच्यासारखा एखादा बाहेरचा माणूस. अशाच एका समितीवर मी बसतो. मागे एका चाचणीचं संमतिपत्र आलं. त्यात ओळ होती: ‘आपण केव्हाही माघार घेऊ शकता.’ आमच्यातल्या सामान्य सदस्य बाई अंगणवाडी सेविका आहेत. त्यांनी विचारलं, “माघार घेतली तर बीपीच्या गोळ्या बंद करतेत का?”

डॉक्टर हसले, “ते तर गृहीतच आहे, बंद कशा होतील?”

“मग लिहा की.”

मी त्यांच्या बाजूने बोललो. गोळ्या बंद होतील या भीतीने चाचणीत राहिलेला माणूस राजीखुशीने राहिलेला नसतो, हे सांगायला पाऊण तास गेला. मसुदा परत पाठवला. पुढच्या बैठकीत ओळ आली: ‘माघार घेतली तरी तुमचे नेहमीचे उपचार आणि गोळ्या चालूच राहतील.’