हात दाखवून अवलक्षण

परवा गोव्यात गिरी गावच्या थांब्यावर मी पणजीच्या बसला हात दाखवत होतो आणि बसवाले हात हलवून मला उलट टाटा करत निघून जात होते. खांद्याच्या ऑपरेशननंतर माझा उजवा हात छातीपर्यंत येतो आणि तिथेच लटपटतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा म्हणतोय, 'नको, जा तू.'

डावा हात धडधाकट आहे हो. पण उजव्याने चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही अशी ताकीद आहे. त्यामुळे एमआरआयची फाइल, छत्री, बहिणीला द्यायचे उकडे तांदूळ, सगळा संसार डाव्याच्या गळ्यात.

झालं ते चवथीला. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, चौकट मी डोक्यावर पेलून उभा, आणि मेव्हणा खिळा शोधायला गेला तो चहा पिऊनच आला. खांद्याचा सांधा चार स्नायू जागेवर धरून ठेवतात. त्यातला वरचा, सुप्रास्पायनॅटस, हाडापासून सुटला. दुर्बिणीतून तो परत हाडाला शिवला आणि हात 6 आठवडे झोळीत.

झोळीचे दिवस मात्र राजेशाही! बगलेत उशी, गळ्यात पट्टा. फेरीबोटीत माणसं उठून जागा द्यायची. पण शिवलेलं हाडाला नीट धरायलाच साधारण 12 आठवडे लागतात, आणि हात पूर्ववत व्हायला 6 महिने ते वर्ष. म्हणजे खरे हाल झोळी सुटल्यावर, आणि सहानुभूती नेमकी तेव्हाच बंद. आता मी रोज बोटांनी भिंतीवर पालीसारखा चढतो, पोचेन तिथे पेन्सिलीने खूण करतो. खुणांची गर्दी एवढी की बायको रंगाऱ्याचा खर्च मोजते आहे. भिंत काही पिशवीत घालून बसमध्ये नेता येत नाही. राखीव सीटवर बसायला नुसतं दुखून चालत नाही, दिसावंही लागतं.

असो. थांब्याच्या बाकावर साखळी गावचे एक काका अबोलीची फाती, म्हणजे गजरा, सांभाळत बसले होते.

"पट्टा कुठाय?"

"काढायला सांगितला. फार दिवस ठेवला तर खांदा आखडतो."

"म्हणजे बरे झालात."

"नाही हो, अजून..."

"पट्टा नाही म्हणजे बरे झालात." निकाल लागला. "टाके किती?"

"टाके असे नाहीत, बारीक बारीक भोकं आहेत."

"भोकं?" काकांचा चेहरा पडला. "आमच्या भावोजींना चांगला वीतभर टाका होता. दोन महिन्यांत माडावर चढले!"

"खांद्याचं ऑपरेशन?"

"हर्नियाचं."

मग त्यांनी फाती बाकावर ठेवली, उठले, "करा बघू वर," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत माझं कोपर धरून वर रेटलं. फिजिओथेरपीवाली मुलगी हात वर करताना आधी दहा वेळा विचारते, दुखतंय का. काकांनी विचारलं नाही. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने बस थांबली.

"बघा," काका म्हणाले, "थांबली की नाही?"

आत एकच सीट रिकामी होती. ती काकांना मिळाली. "फाटीं वच, फाटीं वच," म्हणजे मागे सरका, असं कंडक्टर ओरडत होता आणि मी वरच्या दांड्याकडे, चंद्राकडे बघावं तसा, बघत खांबाला टेकलो. पर्वरी येईपर्यंत काकांनी अर्ध्या बसला माझी भोकं सांगितली होती. एका बाईंनी तेल सुचवलं. उठलं कोणी नाही. खरं सांगतो, खांद्यापेक्षा हे जास्त दुखलं.

कंडक्टर तिकिटाला आला. पाकीट मागच्या उजव्या खिशात. हात पाठीमागे नेणं ही हालचाल या दुखण्यात बहुधा सगळ्यांत शेवटी परत येते, आणि डावा हात तांदळाखाली अडकलेला. मी जागच्या जागी वळवळलो. कंडक्टर नोटा बोटांत दुमडत, माझ्याकडे फुकट्याकडे बघावं तसं बघत होता.

"थांबा, थांबा, त्यांचं ऑपरेशन झालंय," काका सीटवरूनच पुढे वाकले. सगळ्या बससमक्ष त्यांनी माझ्या मागच्या खिशात हात घातला, पाकीट काढलं, त्यातली नोट काढली आणि कंडक्टरपुढे धरली.

"दोन पणजी."