आधी आजारी माणसाची तपासणी, मग बाकीच्यांची

घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला की भावंडं, मुलं धास्तावून स्वतःचं रक्त जनुकीय तपासणीला देतात. रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) राहून जाते. हा क्रमच उलटा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

घराण्यात नेमका कोणता बदल आहे हे माहीत नसेल तर निरोगी माणसाच्या निगेटिव्ह रिपोर्टचे दोन अर्थ निघतात. बदल आहे, पण याच्याकडे उतरला नाही. किंवा घरातला बदल या तपासणीला सापडणाराच नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून सुरुवात आजारी माणसापासून, आणि त्यातही आधी गाठीपासून. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये जपलेला असतो. रुग्ण हयात नसला तरी तो अनेकदा कामी येतो. त्यावर आयएचसी (पेशींमधली प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) करून चार प्रथिनं बघतात, त्यांची जनुकंही त्याच नावांची: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका हीच दुरुस्त करतात. एखादं गायब असेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, संशय येतो. मात्र एमएलएच१ गायब दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. विशेषतः उतारवयात हे जनुक बहुधा त्या गाठीपुरतंच मेथिलेशनमुळे (जनुकावर बसलेल्या रासायनिक खुणेमुळे) बंद पडलेलं असतं. गाठीत बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडला तर वारशाची शक्यता जवळजवळ संपते. नाही सापडला तर मेथिलेशन तपासायचं, तेही नसेल तर रुग्णाच्या रक्ताची जनुकीय तपासणी. माझ्या मते ही आयएचसी मोठ्या आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरमध्ये व्हायला हवी, वय कितीही असो.

रक्तात बदल पक्का झाला की प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता ५० टक्के. आता त्यांची फक्त त्या एका बदलासाठी तपासणी पुरते, आणि इथला निगेटिव्ह खरा निगेटिव्ह.

पॉझिटिव्ह आलं तर जनुक कोणतं ते विचारा, कारण धोका सारखा नसतो. एमएलएच१, एमएसएच२ मध्ये तो बराच जास्त. कोलोनोस्कोपी साधारण २० ते २५ व्या वर्षापासून, दर १ ते २ वर्षांनी. एमएसएच६, पीएमएस२ मध्ये धोका कमी, सुरुवात ३० ते ३५ ला चालते. घरात कुणाला फारच तरुणपणी झाला असेल तर त्याहून आधी. एरवीचं दहा वर्षांचं अंतर इथे चालत नाही, कारण लिंचमध्ये पॉलिपचा (आतड्याच्या आतल्या छोट्या वाढीचा) कॅन्सर फार झपाट्याने होतो. बायकांना गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचाही धोका असतो, आणि कित्येकींमध्ये तोच आधी दिसतो. अवेळी रक्तस्राव अंगावर काढू नका.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी जोडलेल्या एमयूटीवायएच जनुकाचं गणित वेगळं. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच मोठा धोका, म्हणून आईवडील ठणठणीत असतात आणि भावंडांना २५ टक्के शक्यता असते. 'आमच्यात कुणालाच नव्हता' हे वाक्य इथे फसवतं.

रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा बदल लिहिला असेल तर त्यावरून नातेवाइकांची तपासणी किंवा शस्त्रक्रिया ठरवू नका. काही वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा, वर्गीकरण बदलतं. आणि नातेवाइकांना तोंडी निरोप देऊ नका, रिपोर्टची प्रत द्या: जनुकाचं नाव आणि बदलाचा पूर्ण कोड त्यांच्या लॅबला अक्षर न् अक्षर लागतो.