‘एपीके बंद करा’ या मागणीचा प्रतिवाद

वाहनदंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप थेट टाकण्याची फाइल) उघडल्यामुळे बँक खाते रिकामे झाल्याच्या बातम्यांना जोडून सध्या एक मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. अधिकृत स्टोअरबाहेरचे अ‍ॅप टाकण्याची सोय फोनमधून कायमची काढून टाकावी, कारण ती सामान्य माणसाच्या मुळावर येते. स्टोअरमधली अ‍ॅप तपासलेली असतात. सॉफ्टवेअर मुळात कंपनीचे असते. आणि ज्याला हे पटत नाही त्याने दुसरा फोन घ्यावा, असे तिचे म्हणणे आहे.

पहिला मुद्दा निम्मा खरा आहे. फसवणूक होते, पण अशी फाइल नुसती येऊन पडल्याने काही बिघडत नाही. ती अ‍ॅप टाकण्याची मुभा मागते, मग एसएमएस वाचण्याची आणि पुष्कळदा अ‍ॅक्सेसिबिलिटीचीही (म्हणजे पडद्यावरचे वाचण्याची आणि आपल्या वतीने बटणे दाबण्याची) परवानगी मागते, आणि ओटीपी चोरीला जातो तो या परवानग्यांच्या वाटेने. बांध घालायचा तर तिथे घालावा. शिवाय फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले ते एनीडेस्क या दुरून फोन हाताळू देणाऱ्या अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल, आणि ते अ‍ॅप तर प्ले स्टोअरवरच मिळत होते. खोटे पोलीस बनून धमकावणाऱ्या ‘डिजिटल अटके’च्या फसवणुकीत एपीकेचीही गरज लागत नाही, व्हिडिओ कॉल आणि भीती एवढ्यावर काम भागते.

स्टोअरमधल्या तपासणीविषयी एकच आकडा देतो. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने प्ले स्टोअरवरून कर्ज देणारी २,२०० हून अधिक अ‍ॅप काढली किंवा स्थगित केली, अशी माहिती तत्कालीन अर्थराज्यमंत्री भागवत कराड यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेत दिली. म्हणजे ही अ‍ॅप तोवर त्या तपासणीतून पार होऊन तिथे उभी होती. तपासणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पण तिच्या भरवशावर फोनच्या मालकाचा हक्क काढून घ्यावा एवढी ती पक्की नाही.

सॉफ्टवेअर कंपनीचे, हा मुद्दा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. सॉफ्टवेअरची मालकी कंपनीकडे असेल, पण यंत्र विकल्यानंतर त्यावर काय चालावे हे ठरवण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. सोनीने प्लेस्टेशन ३ हे खेळांचे यंत्र विकताना त्यावर लिनक्स ही दुसरी संगणक प्रणाली चालवण्याची सोय दिली होती आणि १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती काढून घेतली. अपडेट नाकारावे तर ऑनलाइन खेळ बंद. शिवाय ही सत्ता कंपनीच्याच हाती राहते असेही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनादरम्यान पोलिसांच्या हालचाली दाखवणारे नकाशाचे अ‍ॅप चिनी सरकारी माध्यमांच्या टीकेनंतर अ‍ॅपलने स्टोअरवरून काढले, आणि आयफोनवर अ‍ॅप टाकण्याचा दुसरा सोपा मार्गच नव्हता. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप नव्या फोनमध्ये आधीपासून टाकण्याचा आणि त्याची कार्ये बंद करता येणार नाहीत असे पाहण्याचा आदेश उत्पादकांना दिला. विरोध झाल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली, हे खरे; पण तो आदेश ग्राहकाला नव्हे, उत्पादकाला उद्देशून होता, कारण फोनवर हुकूम कोणाचा चालतो हे सरकारलाही ठाऊक आहे.

दुसरा फोन घ्या म्हणणाऱ्यांनी बाजारात चालणाऱ्या प्रणाली मोजून पाहाव्यात, अँड्रॉइड आणि आयफोनची अशा दोनच भरतात. अँड्रॉइडमधील वर्चस्वाच्या गैरवापरासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकण्यावर निर्बंध घालू नयेत असाही निर्देश दिला होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका हा निर्देश रद्द केला.

वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही सोय बंद असावी, याबद्दल माझा वाद नाही. माझ्या घरीही ती बंदच आहे, मात्र ती आम्ही बंद केली आहे आणि लागेल तेव्हा आम्हाला उघडता येते.