तिरकस गुणाकाराने लसाविची गरज संपत नाही

पालकांच्या गटांत एक चित्रफीत फिरते आहे. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज करायला छेदांचा लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) लागतच नाही, तिरकस गुणाकार करा, पाच सेकंदांत उत्तर. ही वैदिक गणिताची युक्ती आहे आणि ती का चालते याच्या फंदात मुलांनी पडू नये, असं तिचं म्हणणं. रीत बरोबर आहे. तिच्याभोवतीचे दावे चुकीचे आहेत.

आधी वेगाचं बघू. ५/१२ + ७/१८ घ्या. तिरकस गुणाकाराने ५×१८ = ९० आणि ७×१२ = ८४, बेरीज १७४; खाली १२×१८ = २१६. आता १७४/२१६ ला संक्षिप्त रूप द्यायचं, तर दोन्हींना ६ ने भाग जातो हे सुचायला हवं. लसावि ३६ घेतला की १५/३६ + १४/३६ = २९/३६, संपलं. म्हणजे मेहनत टळली नाही. ती मसावि (महत्तम सामाईक विभाजक, इथे ६) शोधण्याच्या रूपाने शेवटी आली, तीही मोठ्या आकड्यांवर. चित्रफितीतलं उदाहरण २/३ + १/५ चं आहे. तिथे छेदांना सामाईक अवयवच नाही, म्हणून ही अडचण दिसत नाही.

‘कितीही अपूर्णांक असोत’ हेही त्यात म्हटलंय. १/६ + ३/८ + ५/१२ करून पाहा. लसावि २४, वर ४ + ९ + १०, उत्तर २३/२४. तिरकस गुणाकार दोनदा केला की ५५२/५७६ हातात येतं. पाचवी-सहावीतलं मूल इथेच हात टेकतं.

याला ‘वैदिक’ म्हणायलाही आधार नाही. परस्परांच्या छेदांनी गुणण्याचा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये दिला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) तर एकाच श्लोकात दोन्ही रीती आहेत: आधी तिरकस गुणाकार, आणि लगेच पुढे, बुद्धिमानाने छेदांना सामाईक अवयवाने भागून घ्यावं आणि मग गुणावं. १२ आणि १८ ला ६ ने भागलं की २ आणि ३ उरतात. ५/१२ ला वर-खाली ३ ने गुणा, ७/१८ ला २ ने. छेद ३६. परंपरेचा दाखला द्यायचाच, तर श्लोकाचा उत्तरार्ध का गाळायचा?

सगळ्यात घातक आहे ते ‘का’ विचारू नका हे सांगणं. अर्धा आणि पाव मिळून पाऊण, हे मूल तोंडी सांगतं, कारण अर्ध्यात दोन पाव असतात हे त्याला दिसतं. समान छेद करणं म्हणजे एवढंच: तुकडे एका मापाचे करून मग मोजणं. हे न कळता पाठ केलेली तिरकी रेघ मुलं अपूर्णांकांच्या गुणाकारातही मारतात, आणि आपलं काय चुकलं ते त्यांना शोधता येत नाही.

छेद ७ आणि ९ असतील तर तिरकस गुणाकार खुशाल करू द्या. तिथे लसावि ६३च येतो.