दहा लीटर आम्ल कुणाला हवंय?

आमच्या वेळी मिश्रणाच्या गणितात गवळी असायचा. चार लीटर दुधात एक लीटर पाणी ओतायचा, खरेदीच्याच भावाने विकायचा आणि उजळ माथ्याने शेकडा २५ नफा खिशात घालायचा. चोर समोर, मुद्देमाल समोर, आपण नुसता पंचनामा करायचा. सोडवायला हुरूप यायचा हो!

लेक दहावीला आहे. तिच्या वहीत गवळी नाही, आम्ल आहे. ‘३०% आणि ५५% आम्लाची द्रावणे मिसळून ४५% तीव्रतेचे १० लीटर द्रावण बनवायचे आहे. प्रत्येकी किती घ्यावे?’

"पण बनवायचंय कुणाला?"

"बाबा, तुम्ही एक्स धरा ना."

कसा धरू? आमच्याकडे मोरी धुवायच्या अ‍ॅसिडची एवढीशी बाटली, तीसुद्धा हिची आई वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवते. आणि हा निनावी गृहस्थ दहा लीटर कालवतोय. त्याला ४५च का हवंय? ४४ने काय बिघडणार होतं? पोरीला यातलं काहीच खटकत नाही. क्लासमध्ये शिकवलेली फुली तिने मारली: वर ३० आणि ५५, मधे ४५, तिरप्या वजाबाक्या १० आणि १५. म्हणजे दोनास तीन. चार लीटर हे, सहा लीटर ते. मी अजून त्या गृहस्थाच्या पत्त्याच्या शोधात.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेलं. वहीत डोकावल्या.

"टक्के वजनाचे की आकारमानाचे?"

घर चिडीचूप.

"आणि चार न् सहा दहाच भरतील कशावरून? पन्नास मिली अल्कोहोलमध्ये पन्नास मिली पाणी घाल, शंभर भरत नाही. ९६-९७च्या आसपास थांबतं. रेणू एकमेकांच्या फटींत शिरतात."

"काकू, बोर्डात दहाच भरतात," लेक वहीतून मान वर न करता म्हणाली.

मला विचाराल तर अशा गणितात एक संशयित लागतोच. भास्कराचार्यांना ते ठाऊक होतं. ११५० सालच्या ‘लीलावती’त त्यांनी सोनं वितळवायला घेतलंय: १३, १२, ११ आणि १० वर्णाचं, म्हणजे कसाचं, अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे. एकत्र केल्यावर कस किती? बारा. पण ते तिथे थांबत नाहीत. शुद्ध करताना २० माशांचे १६च उरले, तर? पंधरा. वाचता वाचता चार मासे गेले कुठे म्हणून माझी नजर आपोआप सोनाराच्या हाताकडे गेली. मळ जळाला हे कळतं हो, पण सोनारासमोर मुळीच न हलता बसणाऱ्या आजीचा मी नातू.

उत्साहाच्या भरात हे सगळं मी लेकीला भट्टीसकट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"छान आहे, बाबा. किती मार्कांना येतं?"